कडेचं काम

आमच्या घरात कोऱ्या वह्या उशिरा आल्या. चौथीपर्यंत मी गणितं सोडवली ती पत्रकांच्या पाठीवर. पुढच्या बाजूला कुणाचा तरी संप, कुठल्या तरी वस्तीची पाण्याची मागणी, कामावरून काढलेल्या कुणाची तरी कैफियत. मागच्या बाजूला माझे भागाकार. छपाई सुरू करताना शाई नीट बसेपर्यंत बरेच कागद वाया जातात. ते अण्णा, म्हणजे माझे वडील, घरी आणायचे.

एकदा शाळेत बाईंनी माझा कागद तपासताना उलटून पाहिला आणि अण्णांना बोलावणं धाडलं. "मुलीच्या हातात हे असलं काय देता?" त्यांनी विचारलं. अण्णांनी आधी माझं गणित पाहिलं. "उत्तर बरोबर आहे की," ते म्हणाले. "दुसरी बाजू आमच्या धंद्याची. तिथली उत्तरं अजून यायची आहेत." बाई हसल्या नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून कागद उलटून वाचायला लागले, आणि ती सवय गेली नाही. एवढी भांडखोर कशी झालीस, असं मला अजून विचारतात. वाचायला जे मिळालं, त्यातून झाले.

छापखाना आज्जांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. ते बेळगाव जिल्ह्यातून बंगळूरला आले तेव्हा त्यांच्याकडे दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या आणि दोन्हींत छपाईचे, एकेका अक्षराचे, शिशाचे देवनागरी खिळे होते. कपडे वेगळ्या पिशवीत. एका बंद पडणाऱ्या छापखान्यातून त्यांनी पायाने चालवायचं ट्रेडल यंत्र घेतलं, कानडी खिळेही घेतले, आणि येलहंक्यात एका पत्र्याच्या शेडखाली काम सुरू केलं. येलहंका तेव्हा शहराबाहेर होतं. आता शहर आमच्याही पुढे निघून गेलंय. शेडची दोन खोल्यांची इमारत झाली, ट्रेडल जाऊन एकरंगी ऑफसेट आलं, खिळ्यांच्या जागी कॉम्प्युटर. वरून हवाई दलाची विमानं तशीच जातात. विमान आलं की आमच्याकडे बोलणं थांबतं आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं.

आम्ही पुस्तकं करतो. हस्तलिखित घेऊन या, अक्षरजुळणी, मुद्रितं तपासणं, छपाई, शिवण, पुठ्ठ्याची बांधणी, सगळं इथेच. निवृत्त बँक अधिकाऱ्यांचे कवितासंग्रह, पीएच.डी.चे प्रबंध, शाळांची वार्षिकं, मंडळांच्या स्मरणिका. मराठी मुद्रितं नीट वाचणारा छापखाना या शहरात शोधावा लागतो, म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून लोक आमच्याकडे येतात. एक कवी तर स्वतःच्या संग्रहातले स्वल्पविराम मोजायला रोज यायचे. अण्णा त्यांना खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, "स्वल्प थांबा, विराम नंतर बघू."

पण या सगळ्यांत मला जिव्हाळा होता तो कडेच्या कामाचा.

पुस्तकाची पानं मोठ्या कागदावर एकत्र छापतात, मग घडी घालून कापतात. पुस्तकाच्या आकाराप्रमाणे त्या मोठ्या कागदाची एक कड पुष्कळदा रिकामी राहते. वीतभर रुंद, लांबच लांब पट्टी. बाकीचे छापखाने ती रद्दीत घालतात. आज्जांनी ती कधी रद्दीत घातली नाही. ज्यांना कागद परवडत नाही त्यांचा मजकूर ते या कडेवर बसवायचे. कुणा शेठजींच्या आत्मचरित्राबरोबर त्याच कागदावर, त्याच शाईत, हमालांचं पत्रक छापून निघायचं. मग कड कापायची, शेठजींचं शेठजींना आणि हमालांचं हमालांना. यात लपवाछपवी नव्हती. आमच्या प्रत्येक दरपत्रकावर आज्जांच्या काळापासून एक वाक्य आहे: कापलेली कड प्रेसची. गिऱ्हाईक त्याखाली सही करतं. आमची पत्रकं म्हणूनच उभट आणि अरुंद असतात. बाजू एकच छापलेली, पाठ कोरी.

दुसरा नियम खालच्या ओळीचा. प्रत्येक छापील कागदाच्या तळाशी आमच्या प्रेसचं नाव आणि पत्ता. कायद्यात तसं आहे, आणि तो कायदा छापणाऱ्याला सहज पकडता यावं म्हणून आहे, हे आज्जांना पक्कं माहीत होतं. "पकडू देत की," ते म्हणायचे. "आम्हाला पकडतील तोवर लिहिणारा घरी पोचतो." लहानपणी माझं काम एकच होतं. छपाईआधी खालची ओळ आहे का ते बघायचं. ती नसेल तर यंत्र सुरू व्हायचं नाही.

कॉलेजनंतर मी कोरमंगल्यातल्या एका ऑफिसात दीड वर्ष जाहिरातींचा मजकूर लिहिला. तिथले मित्र म्हणायचे, पत्रक कसलं छापतेस, पीडीएफ टाक ग्रुपवर. मी त्यांना सांगायचे, पीडीएफ कुणी टाकली हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर ती दहा सेकंदांत नाहीशी होते. कागद नाहीसा करायला निदान काडी ओढावी लागते. नोकरी सोडून मी येलहंक्याला परतले. अण्णा एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्यापासून बांधणीवर बस."

गेल्या वर्षीच्या गणपतीआधीची गोष्ट.

एचएसआर लेआउटमधल्या एका मोठ्या सोसायटीचं मराठी मंडळ दरवर्षी स्मरणिका काढायचं. ते आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. त्याच सुमारास एक अक्का आमच्याकडे आल्या. बीदरकडच्या, त्याच सोसायटीत चार घरी स्वयंपाक करणाऱ्या. त्यांनी आणि बरोबरच्या बायकांनी वहीच्या पानावर कानडीत मजकूर लिहून आणला होता. आठवड्याची एक सुट्टी द्या. आमची पिशवी फाटकावर सगळ्यांसमोर उपसू नका. तळघरातल्या संडासाला कुलूप लावू नका. आम्ही तुमच्या घरातलं जेवण बनवतो, मग तुमच्या लिफ्टमध्ये का चालत नाही. खाली सही होती, घरकाम करणाऱ्या बायका. एकीचंही नाव नव्हतं. "नाव टाकलं की काम जातं," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी तो मजकूर स्मरणिकेच्या कडेवर बसवला. मी म्हटलं, अण्णा, त्याच सोसायटीच्या स्मरणिकेवर? ते म्हणाले, "सध्या कड तेवढीच आहे. मजकुराला काय माहीत आपण कुणाच्या शेजारी बसलोय."

आता माझी चूक. ती छापखान्यातल्या माणसाच्याच हातून होईल अशी आहे.

पुस्तकं बांधून झाली की रचताना दर पंचवीस प्रतींनंतर एक कागदाची चिठ्ठी घालतात, टोक बाहेर राहील अशी. मोजायला सोपं जातं. चिठ्ठ्या गठ्ठ्यात तशाच राहू देतात, म्हणजे गिऱ्हाईकालाही मोजता येतं. त्यासाठी कापलेल्या कोऱ्या पट्ट्यांचा एक ढीग टेबलावर असतो. त्या दुपारी मी अण्णांशी भांडत होते. स्मरणिकेत पहिलाच लेख बाप्पाच्या दारात सगळे सारखे या आशयाचा होता, आणि मी म्हणत होते की हा लेख छापताना आपल्याला लाज वाटली पाहिजे. अण्णा म्हणत होते, लेखकाला वाटायला हवी, मुद्रकाला नव्हे. भांडता भांडता मी हात लांब करून पट्ट्या घेत होते आणि गठ्ठ्यांत खोचत होते. पट्ट्या कोऱ्या होत्या. म्हणजे पाठीकडून कोऱ्या होत्या. मी पत्रकांच्या ढिगातून उचलत होते, आणि तो ढीग पालथा होता.

ज्या मुलीने सगळं लहानपण पत्रकांच्या कोऱ्या पाठी पाहण्यात घालवलं, तिने एकही उलटून पाहिली नाही.

पाचशे प्रती, वीस चिठ्ठ्या. गठ्ठे गेले. क्लबहाउसात प्रकाशन झालं, कुणीतरी गठ्ठा सोडला आणि पत्रक खाली पडलं. समितीतल्या कुणालाच कानडी वाचता येईना. म्हणून त्यांनी फाटकावरच्या वॉचमनला बोलावलं. त्याने सगळ्या पाहुण्यांसमोर ते खणखणीत आवाजात वाचलं, मग हिंदीत अर्थ सांगितला, आणि कुणी न विचारता पुन्हा एकदा कानडीत वाचलं. हे मला नंतर कळलं. तो वॉचमन मला अजून भेटायचा आहे.

दोन दिवसांनी मंडळाचे सेक्रेटरी कॅब करून आमच्याकडे आले. पुण्याचे, आयटीतले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे.

"काका, मी ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून आलोय," ते म्हणाले. "सो प्लीज, सरळ बोलू."

"बोला की. चहा?"

"चहा नको."

अण्णांनी तरीही सांगितला. सेक्रेटरींनी ती उभट पट्टी टेबलावर ठेवली. "आमच्या स्मरणिकेत निघाली. वीस निघाल्या."

अण्णांनी 'वीस' ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं आणि मलाही.

"माझ्या हातून झालं," मी म्हटलं. "मोजणीच्या चिठ्ठ्या आहेत त्या. कोऱ्या समजून घातल्या."

"कोऱ्या समजून. आणि नेमक्या ह्याच."

"पालथ्या होत्या."

ते हसले. "मॅडम, तुम्ही फेसबुकवर काय काय लिहीत असता ते आम्ही वाचतो ना. तुम्ही हे चुकून केलं असेल हे तुमच्या वडिलांना तरी पटतंय का, विचारा."

त्या क्षणी मला फार वाटलं की म्हणावं, हो, मुद्दाम केलं. माझ्या नावाला ते शोभलंही असतं. पण खोटं बोलून शूर होण्यात अर्थ नव्हता. "चूक आहे," मी पुन्हा म्हटलं. "चुकीबद्दल माफी मागते. पत्रकाबद्दल नाही."

"ओके. चूक म्हणू." त्यांनी बॅगेतून टाइप केलेलं पत्र काढलं. "मग दोनच गोष्टी. ह्यावर सही करा, आणि हे कुणी छापायला दिलं ते सांगा. आमच्याकडच्याच बायका आहेत, तेवढं कळतंय. सगळ्यांच्या मागे कशाला लागायचं? एक नाव द्या, विषय संपला. नाहीतर काका, शहरातली मराठी मंडळं एकाच ग्रुपवर आहेत. तुमचं काम कुठून येतं ते तुम्हाला माहितीये."

माहीत होतं. आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती त्यांना नव्हती. अक्का ज्या चार घरी स्वयंपाक करायच्या, त्यांतलं एक घर ह्यांचं होतं. आणि त्याच दिवशी चार वाजता अक्का पत्रकांचा गठ्ठा न्यायला यायच्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

अण्णांनी पत्र घेतलं. चष्मा लावला आणि खिशातून मुद्रितं तपासायचं लाल पेन काढलं. पहिलं वाक्य होतं, आमच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्या कामाचे कागद आपल्या स्मरणिकेत गेले याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. अण्णांनी त्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली. दुसरं वाक्य होतं, सदर पत्रकाशी व ते देणाऱ्या व्यक्तींशी आमचा काहीही संबंध नसून यापुढे असा मजकूर आम्ही छापणार नाही. ते त्यांनी सावकाश दोनदा वाचलं. मग एका रेघेत ते खोडलं आणि समासात गाळा अशी खूण केली, जशी ते गेली चाळीस वर्षं करत आलेत. खाली सही केली.

"अर्धंच?" सेक्रेटरी म्हणाले.

"चूक तेवढीच झालीय."

"आणि नाव?"

"नाव छापलंय की." अण्णांनी पट्टी त्यांच्यासमोर सरळ केली आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "कानडी येत नाही ना, मी वाचतो." त्यांनी आमच्या प्रेसचं नाव वाचलं, रस्ता वाचला, येलहंका वाचलं, पिनकोड वाचला. "कुणाला विचारायचं ते कळावं म्हणूनच असते ही ओळ. तुम्ही बरोबर पत्त्यावर आलाय. विचारा काय ते मला."

"काका, तुम्ही हे आमच्या कागदावर छापलंय. लिटरली आमच्या."

"कापलेली कड प्रेसची," अण्णा म्हणाले. "दरपत्रकावर आहे. खाली तुमची सही आहे, साहेब."

तेवढ्यात विमान आलं. सेक्रेटरींचे ओठ हलत होते आणि काही ऐकू येत नव्हतं. मी ती संधी साधून बाहेर पडले आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागले. अक्का समोरूनच येत होत्या, पदराने घाम टिपत. मी त्यांना कोपऱ्यावरच अडवलं. आत कोण बसलंय, आणि नाव दिलं नाही तर मंडळाचं काम जाईल, ते सांगितलं. म्हटलं, इथेच थांबा, गठ्ठा मी घेऊन येते, अण्णांनी तुमचं नाव सांगितलं नाही आणि सांगणार नाहीत.

अक्का भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तुमचं मंडळाचं काम जाईल म्हणताय," त्या म्हणाल्या.

"जाईल. ते आमचं आम्ही बघू."

"अन् मी इथनं गठ्ठा घिऊन मागच्या मागं जाऊ व्हय. कागदात लिहिलं, पिशवी उपसू नका, आम्ही चोर नाही. अन् जाऊ चोरावाणी."

"अक्का, काम जाईल तुमचं."

"चार हायेत. एक जाईल." त्या चालू लागल्या. मी मागोमाग. मला त्यांना थांबवायचं होतं, आणि थांबवायचं नव्हतंही. लिहायला बसले आहे तर हेही लिहिते.

आत सेक्रेटरी उठायच्या बेतात होते. अक्कांना पाहून ते तसेच अर्धवट राहिले.

"मावशी? तुम्ही तर गुडघा दाखवायला..."

"दवाखान्यात जाते म्हणले होते, सर. ते खोटं. ह्या कागदात हाय ते खरं. मीच आणून दिलं इथं."

"अहो, पण मग डायरेक्ट बोलायचं ना माझ्याशी. रोज भेटतो आपण."

"लिफ्टमधी भेटला असता तर बोलले असते."

अण्णा खाली बघून चष्मा पुसायला लागले. अर्धं खोडलेलं पत्र सेक्रेटरींनी घडी करून बॅगेत ठेवलं आणि कॅब बोलावली. चहा तसाच राहिला. तो अक्कांनी घेतला.

ते गेल्यावर अण्णांनी मला विचारलं, "खरंच चूक होती?"

"खरंच."

"मग पुढच्या वेळी उलटून बघत जा," ते म्हणाले, आणि यंत्राकडे गेले. मला राग आला, कारण ते बरोबर होते. वीस पत्रकं अशा हातांत पडली होती ज्यांत ती देण्याचा निर्णय बायकांनी घेतलेला नव्हता. तो मी घेतला, आणि न बघता घेतला. बंडखोरी म्हणून मिरवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मिरवण्यासारखं जे झालं ते नंतर झालं, आणि ते माझं नव्हतं.

अक्कांचं ते एक घर गेलं. बाकीची तीन राहिली. लिफ्ट अजून वेगळीच आहे. संडासाचं कुलूप मात्र निघालं. का, ते कुणी सांगितलं नाही. ग्रुपवर आमच्याबद्दल काय लिहिलं गेलं ते मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवलं, तिघांनीही "तुला वाईट वाटू नये म्हणून सांगतोय" असं म्हणून. यंदा मंडळाची स्मरणिका दुसरीकडे छापली गेली, आणि तिच्या मागोमाग आणखी दोन मंडळांच्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या वाक्यावर अण्णांनी लाल रेघ मारली, ते वाक्य तसंच ठेवून मिळालेलं काम मला छापता आलं नसतं, आणि त्यांनाही.

गेल्या महिन्यात अक्का पुन्हा आल्या. या वेळी बरोबर दोघीजणी होत्या आणि मजकूर दुप्पट होता. खाली सात नावं होती, ज्यांची त्यांनी आपापल्या हाताने लिहिलेली. मी कॅलेंडरकडे पाहिलं. हाताशी एकही मोठं काम नव्हतं. मोठं काम नाही म्हणजे मोठा कागद नाही, आणि मोठा कागद नाही म्हणजे कडही नाही.

"एखादं पुस्तक येईपर्यंत थांबायला लागेल," मी त्यांना म्हटलं. "कड मिळाली की लगेच बसवते."

अण्णा आतून हे ऐकत होते. ते उठले, फळीवरून नव्या कागदाचं रिम काढलं, त्यावरचं वेष्टण फाडलं आणि पूर्ण कागद माझ्या टेबलावर पसरला. चारी बाजूंनी कोरा, कुणाच्याही पुस्तकाचा नसलेला.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. आधी तळाशी आमची ओळ टाकली, तिच्यावर सात नावं, मग मजकूर. सवयीने मी सगळं वीतभर पट्टीत दाटीवाटीने बसवत होते.

अण्णा मागे उभे राहून बघत होते. "अक्षरं स्वल्प मोठी घे," ते म्हणाले. "जागा आहे."